छताखालचं शून्य

४ जून

धाकट्या,

फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी एका कानावर सगळी भिस्त असल्यामुळे फोनवरचं तुला नीट कळत नाही, असं तुझ्या बायकोने तुझ्या वहिनीला सांगितलं. म्हणून लिहितोय. अक्षर लागत नसेल तर चिमणीकडून वाचून घे. नको, तिच्याकडून नको. तूच वाच.

आधी कामाचं. बॅटरी रूम पुन्हा सुरू करायची आहे. फुटलेली बॅटरी आणि ते दोन चार्जर केव्हाच उचलले, भिंत धुऊन रंगवली. छताला काही झालेलं नाही. मागच्या पावसाआधी मी सांधे भरले होते ते अजून थेंबभर पाणी आत येऊ देत नाहीत. गॅस डिटेक्टर मात्र नवे घ्यायचे आहेत. कोणते घ्यायचे, किती आणि कुठे लावायचे, हे ठरवायचं काम साहेबांनी माझ्याकडे दिलं. मीटिंगला पदवीवाले तिघं होते. साहेब त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "हे मास्तरांनाच करू द्या." तुला माहीत आहे, या गोदामात मी दिवे बदलायला लागलो होतो. जे काही आलं ते डिक्शनरी शेजारी ठेवून, यंत्रांसोबत येणारी पुस्तकं वाचून आलं. तेव्हा बरं वाटलं, हे लपवत नाही.

खोली तुझी होती, तुला नव्याने काय सांगणार. फोर्कलिफ्टच्या बॅटऱ्या चार्ज होत आल्या की त्यातून हायड्रोजन सुटतो. वास नाही, रंग नाही. हवेपेक्षा हलका, सरळ छताला जाऊन चिकटतो. शंभर भाग हवेत चार भाग झाला की एक ठिणगी पुरते. म्हणून डिटेक्टर छताखाली लावायचा, आणि चारच्या कितीतरी आधी त्याने ओरडायचं; खालच्या पेटीवर त्या चारलाच शंभर धरून आकडा दिसतो. पहिल्या टप्प्यावर पंखा आपोआप जोरात चालू, दुसऱ्या टप्प्यावर चार्जर बंद. त्या खोलीत हे सगळं होतं. मीच बसवलं होतं.

चौकशीत मी जे सांगितलं ते खरं होतं. दवाखान्यात तू मला एकट्याला सांगितलंस की चिमणीच्या निकालाचा फोन आला, पंख्याच्या घरघरीत तिचं ऐकू येईना म्हणून तू पंखा बंद केलास, आणि पोरगी पास झाल्याच्या आनंदात तो पुन्हा चालू करायचा राहिला. नंतर चार्जरची पिन काढलीस आणि ठिणगी पडली. कमिटीने मला विचारलं, "पंखा चालू होता का?" मी खोटं बोलायला हवं होतं का? तू असतास तर काय बोलला असतास? याचं उत्तर मला नकोच आहे. फक्त तुझी नोकरी जाईल असं मला वाटलं नव्हतं. ताकीद देतील, खातं बदलतील, इतकंच वाटलं होतं.

आई बरी आहे. तुझं नाव माझ्यासमोर काढत नाही. तुझ्या वहिनीसमोर काढते आणि मी आलो की दोघी डाळ निवडायला लागतात.

दादा

१९ जून

धाकट्या,

पत्र मिळालं असं गृहीत धरतो. परत आलं नाही म्हणजे मिळालं. तू काही लिहिलं नाहीस म्हणजे तुझा रागही थोडा निवळला असेल, असं मी मनाशी धरून चाललोय.

डिटेक्टर विकणारे दोघं येऊन गेले. पहिला टाय लावून आला होता. त्याने टेबलावर चकचकीत पेटी ठेवली. म्हणाला, "सर, हा इन्फ्रारेड. याला विष लागत नाही, हा म्हातारा होत नाही. लावा आणि पाच वर्षं विसरून जा."

मी विचारलं, "याला हायड्रोजन दिसतो का?"

"सर, याला सगळे ज्वलनशील गॅस दिसतात."

"त्यांची नावं वाचून दाखवा."

त्याने माहितीपत्रक उघडलं, मोठ्याने वाचायला लागला आणि पान संपता संपता त्याचा आवाज बारीक झाला. इन्फ्रारेडला हायड्रोजन दिसतच नाही, धाकट्या. मुळातच दिसत नाही. खोली काठोकाठ भरली तरी ती पेटी शांत बसेल. पदवीवाल्यांपैकी एकाने तेवढ्यात तिच्या किमतीची घासाघीसही सुरू केली होती. मी टायवाल्याला म्हटलं, "कंपनीला विचारा आणि सांगा. तोवर चहा घ्या."

घरी येऊन हे सगळं तुझ्या वहिनीला रंगवून सांगितलं. ती म्हणाली, "दुसऱ्याची चूक सापडली की तुम्हाला दोन घास जास्त जातात." मी म्हटलं, मग काय उपाशी राहू? म्हणाली, "एखादा दिवस राहून बघा."

दुसरा जाड चष्म्याचा, कमी बोलणारा. त्याने आधी खोली बघितली. किती बॅटऱ्या, एका वेळी किती चार्ज होतात, पंखा हवा कुठून ओढतो, छताला खाली उतरलेल्या तुळया किती. दोन तुळयांच्या मधल्या खळग्यात गॅस साचतो, तिथला वारा हलत नाही, म्हणून प्रत्येक खळग्याला वेगळा डिटेक्टर पाहिजे, असं तो म्हणाला. मी हेच आधी कागदावर काढून ठेवलं होतं. त्याला दाखवलं, तेव्हा त्याने चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "कुठे शिकलात?" मी म्हटलं, "इथेच."

जाता जाता त्याने जुना डिटेक्टर तपासला. चाचणीच्या गॅसची छोटी नळकांडी असते त्याच्याकडे, लांब दांडीवर टोपी. ती टोपी डिटेक्टरच्या तोंडावर धरून गॅस सोडायचा आणि आकडा चढतो का ते बघायचं. आकडा चढला नाही. वय झालं असेल त्याचं. या गोष्टी झिजतात. असो.

चिमणीने पुढे काय घेतलं ते कळव. वहिनी विचारत होती.

दादा

२ जुलै

धाकट्या,

मागच्या पत्रात मी "वय झालं असेल" असं लिहिलं. ते खरं नाही. डिटेक्टर दीड वर्षाचाही नव्हता. ते मी लिहिलं आणि पाकीट चिकटवलं. त्यानंतर रोज कामावर जाताना वाटायचं की पोस्टमनला वाटेत गाठावं आणि ते परत मागावं. आता जसं झालं तसं लिहितो.

चष्मेवाला शिडीवर होता, मी खाली आकड्याच्या पेटीसमोर. त्याने टोपी धरली, गॅस सोडला आणि विचारलं, "किती?"

मी म्हटलं, "शून्य."

"आता?"

"शून्य."

त्याने टोपी काढली, पुन्हा नीट धरली. "आता?" शून्यच. मग तो शिडीवरूनच छताकडे बघत राहिला. बोट लावून सांधा दाबून बघितला. खाली न बघता त्याने विचारलं, "इथे सिलिकॉन कोणी भरलं?"

मी म्हटलं, "माहीत नाही."

धाकट्या, शिडीवरचा तो अनोळखी माणूस. त्याला माझं नाव माहीत नाही, तुझं माहीत नाही, आणि त्यालाही मी खोटं सांगितलं. कमिटीपुढे तुझ्याबद्दल खरं बोलताना माझी जीभ जराही अडखळली नव्हती.

आमच्या डिटेक्टरमध्ये एक बारीक मणी असतो. तो तापलेला असतो. गॅस त्याला लागला की मण्यावरच जळतो, मणी आणखी तापतो, तेवढा आकडा चढतो. त्याचं साधं काम आहे. पण त्या मण्याचा एक वैरी आहे, तो म्हणजे सिलिकॉन. ओलं सिलिकॉन वाळताना जी वाफ सोडतं ती मण्यावर बसते, काचेसारखा थर धरते आणि मणी मरतो. मेला तरी दिवा हिरवाच राहतो, आकडा शून्यच राहतो. खोलीत गॅस नसला तरी शून्य, आणि मणी मेलेला असला तरी शून्य. खालून बघणाऱ्याला फरक कळत नाही.

मागच्या पावसाआधी छत चार्जरवर गळत होतं. कंत्राटदार डांबर फासतो म्हणाला. मी म्हटलं, डांबर फासून खोलीचं तोंड काळं करू नका, मी बघतो. सिलिकॉनच्या नळ्या मागवल्या. तू शिडी धरली होतीस. आठवतं? खोलीभर आंबूस वास सुटला होता आणि तू म्हणालास, "दादा, लोणचं घालतोयस का?" मी म्हटलं, काम बघ. सांधे इतके सरळ भरले की साहेबांना बोलावून दाखवले. डिटेक्टरच्या भोवती जरा जास्तच भरलं. तिथून पाणी शिरलं तर डिटेक्टर खराब होईल म्हणून.

डिटेक्टरसोबत आलेलं पुस्तक माझ्या कपाटात आहे. सिलिकॉनचं वाक्य त्यात आहे, त्याभोवती चौकटही आहे. मी ते वाचलं होतं. वाचलं तेव्हा वाटलं होतं, हे कारखान्यांसाठी असेल, आपल्याकडे कुठे सिलिकॉन येतंय. सांधे भरताना ते आठवलंच नाही. दर महिन्याला चाचणीचा गॅस दाखवा असंही त्यात आहे. मी दर महिन्याला खाली उभं राहून आकडा बघायचो. शून्य. छान म्हणायचो आणि पुढे जायचो.

तू पंखा बंद केलास हे खरंच आहे. पण पंखा बंद राहिला तर कोणी मरू नये, याचसाठी तर ती पेटी होती. ती जिवंत असती तर तू फोनवर बोलत असतानाच पंखा आपोआप सुरू झाला असता आणि तू चिडून म्हणाला असतास, "हे एक मेलं मध्येच बोंबलतं." इतकंच झालं असतं.

तुझा कान मी घालवला. दुसऱ्या कुठल्या शब्दांत लिहिता येईल का ते बघत होतो. येत नाही.

दादा

११ जुलै

धाकट्या,

तुझं पत्र मिळालं. "दादा, मग सांग ना त्यांना." एवढंच. खाली सहीसुद्धा नाही. तुझ्या वहिनीने वाचलं आणि माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, काय? ती म्हणाली, "काही नाही. अक्षर अजून तसंच आहे त्याचं."

तेव्हा कालच साहेबांकडे गेलो. सगळं सांगितलं. मणी, सिलिकॉन, चाचणी. त्यांनी दार लावून घेतलं. म्हणाले, "मास्तर, नवे डिटेक्टर येतायत ना? मग झालं. जुनं उकरून काय मिळणार?"

मी म्हटलं, "माझा भाऊ घरी बसलाय."

"पंखा त्याने बंद केला होता. तुम्हीच सांगितलंत."

"हो. मीच सांगितलं."

"मग आता तुमचं कोणतं खरं धरू? आणि तुम्हाला कळतंय का, तुमच्याकडे पदवीचा कागद नाही. तुमच्या शब्दावर हे सगळं चालतं. तो शब्द गेला तर मी तुम्हाला कुठे बसवू?"

मी उठून आलो. हे तुला कळायला हवं म्हणून लिहितोय. मी ठणकावून काही बोललो नाही. मी म्हटलं, "विचार करून सांगतो." आणि दारातून बाहेर पडल्यावर पहिला विचार आला तो हा, की उद्यापासून मला मास्तर म्हणणार नाहीत.

संध्याकाळी आईच्या गुडघ्याला तेल लावत बसलो होतो. तिने विचारलं, "त्याचं पत्र आलं म्हणे. काय म्हणतोय?"

मी म्हटलं, "खरं सांग म्हणतोय."

"मग तू काय म्हणतोयस?"

मी तेल चोळत राहिलो. आई म्हणाली, "लहानपणी काच फुटली की तू आधी त्याचं नाव सांगायचास. मग पोटात दुखतंय म्हणून निजायचास. मला तेव्हाच कळायचं." आणि माझ्या हातातली वाटी काढून घेतली. "पुरे. गुडघा नाही दुखत आता."

डिटेक्टरची ऑर्डर गेली. यावेळी मणी नाही. रसायनाच्या पेशीवर चालणारे, खास हायड्रोजनचे. सिलिकॉन त्यांचं काही करत नाही. दोन वर्षांनी पेशी बदलावी लागते, पदवीवाल्यांनी त्यावरून कुरकुर केली. मी म्हटलं, पेशी मरणार हे आधीपासून माहीत असलेलं बरं. तिन्ही खळग्यांत एकेक आणि एक पंख्याच्या तोंडाशी. सांध्यांमधलं सिलिकॉन मी स्वतः खरवडून काढतोय. छत पुन्हा गळेल. गळू दे. कंत्राटदाराला डांबरासाठी निरोप दिलाय.

कमिटी पुन्हा बसवायला अर्ज लागतो. उद्या देतो. हे तुला लिहिलं म्हणजे आता मागे फिरता येणार नाही. म्हणूनच आधी तुला लिहिलं.

दादा

२९ जुलै

धाकट्या,

काल तू कमिटीपुढे आलास, बोलावल्याप्रमाणे वेळेवर आलास, आणि माझ्या उजव्या हाताच्या खुर्चीवर बसलास. दुसरी खुर्ची नव्हतीच. म्हणजे तुझा गेलेला कान माझ्या बाजूला आला. मी बोलत होतो तेव्हा तू सरळ खिडकीकडे बघत होतास. तू ऐकत नव्हतास की तुला ऐकू येत नव्हतं, मला कळलं नाही. विचारायचा धीर झाला नाही. म्हणून जे बोललो ते इथे पुन्हा लिहितो.

मी म्हटलं, डिटेक्टर माझ्या हातून मेला. सांधे मी भरले, कोणी सांगितलं नव्हतं, मला माझं काम सुबक दिसायला हवं होतं. पुस्तकातली सूचना मी वाचली होती. चाचणी माझं काम होतं आणि मी ती एकदाही केली नाही. माझ्या भावाने पंखा बंद केला, ती माणसाची चूक आहे आणि तशी चूक होणार हे धरूनच खोलीत डिटेक्टर लावतात. मागच्या वेळी तुम्ही मला एकच प्रश्न विचारलात आणि मी तेवढंच उत्तर दिलं. त्यावर तुमची चौकशी संपली आणि माझी सुटका झाली. भावाने दवाखान्यात विश्वासाने सांगितलेली गोष्ट मी इथे आणून ठेवली आणि स्वतःचं काही तपासलंच नाही.

साहेब म्हणाले, "हे सगळं तुम्ही स्वखुशीने सांगताय ना?" मी म्हटलं, "खुशी नाही. स्वतःहून सांगतोय." कमिटीतल्या बाई लिहिता लिहिता थांबल्या. एवढंच झालं.

मग त्यांनी तुला विचारलं, "तुम्हाला काही म्हणायचंय?" तू म्हणालास, "पंखा मीच बंद केला होता. ते खोटं धरू नका." आणि पुन्हा खिडकीकडे बघायला लागलास. मला वाटलं होतं तू माझ्याकडे बघशील.

नंतर तू बॅटरी रूमकडे गेलास तेव्हा मी मागे राहून आलो. तू दारात थांबलास. नवा पंखा बघितलास, त्याच्या बटणावरचं कुलूप बघितलंस. चष्मेवाला तिथे होता. तो तुला ओळखत नव्हता, तरी त्याने दांडी तुझ्या हातात दिली, कारण हात पुढे केला होतास. तू टोपी मधल्या खळग्यातल्या डिटेक्टरला लावलीस. पेटीसमोर मी होतो. तू माझ्याकडे न बघता विचारलंस, "किती?"

मी म्हटलं, "शून्य."

"आता?"

आकडा हलला. दोन, पाच, नऊ. दहाला पंखा घरघरला. पंचविसाला भोंगा सुटला. चष्मेवाल्याने दोन्ही कान झाकले, मी झाकले, दारातला पहारेकरी बाहेर पळाला. तू एकटा तो गेलेला डावा कान त्या भोंग्याकडे करून उभा राहिलास, आणि ओरडून म्हणालास, "या बाजूने गोड लागतोय."

मला हसू आलं नाही. चष्मेवाला हसला, त्याला माहीत नव्हतं. तू दांडी त्याला परत दिलीस आणि माझ्या बाजूने जाताना म्हणालास, "जिवंत आहे." मग बस पकडायला गेलास. मी फाटकापर्यंत आलो होतो. तू मागे बघितलं नाहीस, त्यामुळे तुला ते माहीत नसेल.

आज कमिटीचा निर्णय आला. तुला कामावर परत घ्यायचं आहे, कानाचा दावाही पुन्हा उघडायचा आहे. तुझ्या पत्त्यावर लेखी येईल. यायचं की नाही ते तुझं तू ठरव, मी काही म्हणणार नाही. मला स्टोअरमध्ये बसवलंय. बोल्ट आणि नट देतो. सकाळी एक पोरगेला फिटर आला आणि म्हणाला, "काका, अर्ध्या इंचाचे चार." मास्तर म्हणाला नाही. मी बरोबर चार दिले.

आलास तर एक लक्षात ठेव. दर महिन्याची चाचणी आता त्या खोलीत काम करणाऱ्याने करायची, असं मी जाण्याआधी ठरवून आलोय. आकडा हलायला थोडा वेळ लागतो. तेवढा वेळ टोपी धरून थांब. हलला नाही तर खोली बंद कर आणि कोणी कितीही शहाणा येऊन "चालतंय" म्हणाला तरी ऐकू नकोस. मी म्हटलं तरी.

मागे मी लिहिलं होतं की तू काही लिहीत नाहीस म्हणजे तुझा राग निवळला असेल. तसं मी आता धरत नाही. तेव्हा काय वाटतं ते लिही. शिव्या आल्या तर शिव्या लिही, वहिनीपासून लपवून वाचेन.

आणि रविवारी जेवायला ये. आई विचारत होती ताटं कशी मांडू. मी तिला सांगितलं, त्याचं माझ्या डाव्या हाताला मांड. तिला कारण कळलं नाही. तुला कळेल. तिथे बसलास की तुझा चांगला कान माझ्याकडे येतो.

दादा